पावडरीचा डबा

रेक्टरांनी धुण्याच्या पावडरीचा डबा टेबलावरच्या वर्तमानपत्रावर उपडा केला. निळसर ढिगातून आधी प्लास्टिकच्या पिशवीची गाठ वर आली, मग तिच्यातली चपटी बाटली. अर्धी रिकामी.

“पोरं गादीखाली ठेवतात, बुटांत कोंबतात,” रेक्टर म्हणाले. “हा मात्र पोचलेला दिसतो. पावडरीपुढे दुसरा वास येतोय कशाला!”

आईने डोळ्यांना रुमाल लावला. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. प्यायलेल्या अवस्थेत वसतिगृहाच्या जिन्यावरून पडला, तेव्हा घातलेले टाके अजून भुवईवर होते. बाटली पाहून त्याच्या वडिलांच्या, मास्तरांच्या, तोंडचं पाणी पळालं. घरातले कपडे मास्तर स्वतः धुवायचे. ‘आमच्या ह्यांना हौसच आहे,’ असं बायको शेजारणींत मिरवायची. त्या हौसेचं इंगित डब्याच्या तळाशी असायचं, अशाच पिशवीत, अशीच गाठ मारून. कुणाला पत्ता नाही, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

“एकच विचारतो,” रेक्टर म्हणाले. “सवय घरातूनच आली असेल, तर समिती उपचारांना पाठवते. जागा राहते, परीक्षाही देता येते. इथे येऊन केलेले उद्योग असतील, तर आजच सामान उचलायचं. घरात कुणी घेतं का?”

“भलतंच काय!” आई उसळली. “हे शाळेत मास्तर आहेत. व्यसनमुक्तीवर भाषणं देतात!”

रेक्टर मास्तरांकडेच बघत होते. एक ‘हो’ म्हटलं की पोराचं वर्ष वाचत होतं. मुलाने मान वर केली. त्याच्या नजरेत राग असता तर परवडला असता. तिथे आशा होती, आणि ती मास्तरांना सोसेना. त्यांनी घसा खाकरला.

“आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी खात नाही.”

“बाबा खरं सांगताहेत, सर,” मुलगा लगेच म्हणाला. “मी इथेच शिकलो.”

किती सफाईने बोलला! मास्तरांना सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःची किळसही आली.

सामान गाडीत भरून झालं. आई वाईट संगतीच्या नावाने बोटं मोडत पुढे जाऊन बसली. मुलाने डिकी लावली आणि तो बापाजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला,

“आता मी घरीच असणार, बाबा. डबा मोठा घ्यावा लागेल.”