सव्वीस डबे

बसा पाव्हणं, चहा येऊन राहिला. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. आमच्या अर्धापूरच्या शेषेरावानं दोन लाख एकाहत्तर हजार किलोमीटर पळालेली गाडी घेतली, ती गोष्ट. गाव लई हसलं व्हतं तवा. आता तेच गाव लग्नसराईत गाडी मागायला त्याच्या दारात उभं ऱ्हातंय.

तर शेषेराव म्हंजे केळीवाला माणूस. वय अठ्ठावन्न, आवाज फाटका, मिशी पांढरी. बैलाची पारख अशी की बाजाराला निघताना लोकं त्याला घरून उचलून न्यायचे. बैलाच्या तोंडात हात घातला की वय सांगणार, चार पावलं चालवला की खोड सांगणार. पण मोटारीतलं काय मालूम? ट्रॅक्टर हाकलेला, एकदोन वरसं केळीचा टेम्पो चालवलेला, तेवढंच.

मग गाडी कशाला पायजे व्हती? सिंधूसाठी. सिंधू म्हंजे त्याची बायकू. दोन्ही गुडघ्यांचं आपरेशन झालेलं. घरातल्या घरात चालती, पण एसटीची पहिली पायरी काय चढवत न्हाई. माहेर देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या शिवंला. दोन एसट्या बदलायच्या, वरून टमटम. दोन नागपंचम्या हुकल्या. आई पंच्याऐंशीच्या पुढची, फोनवर तिला काहीच ऐकू येत न्हाई. म्हंजे दोन वरसं झाली, मायलेकीचं बोलणंच न्हाई. सिंधू तोंडातून ब्र काढायची न्हाई. पण दुसऱ्या पंचमीला शेजारच्या पोरी झोका खेळून राहिल्या, न् ही दारात बसून नुसती बघून राहिली. ते शेषेरावानं बघितलं.

आता पंचमीला तीन आठवडे व्हते. शेषेरावानं बैलजोडी इकली. ट्रॅक्टर आल्यापासून जोडी दावणीला उभीच व्हती, तरी इकताना त्यानं दोघांच्या पाठीवरनं हात फिरवला. आलेले पैसे फडक्यात बांधले न् म्हणला, "एवढ्यात गाडी आली तर आली. फसलो तर बैलबी गेले, गाडीबी गेली न् हिचं माहेरबी गेलं."

संगं घेतला शेजारचा बजरंग. बजरंगकडं स्वतःची सायकलबी न्हाई, पण मोबाईलवर बघून बघून गाड्यांचा मास्तर झालेला.

"भाऊ, एकच ध्यानात ठेवा," बजरंग म्हणला. "मीटर बघायचं. पन्नास हजाराच्या वर पळाली की म्हातारा बैल. हात लावायचा न्हाई."

पहिल्यांदा गेले नांदेडला, जुन्या गाड्यांच्या दुकानात. तिथं एक लाल गाडी उभी. आरशागत चकचकीत, सीटला नवं कव्हर, आत अत्तराचा वास. मीटर अडतीस हजार. बजरंग तर तिच्याभोवती नवरदेवागत फिरला.

शेषेराव दार उघडून खाली वाकला. क्लचच्या पायडलावरून अंगठा फिरवला.

"मालक, ह्याच्यावरच्या रेघा कुठं गेल्या?"

"कोणत्या रेघा, मामा?"

"रबराच्या. अडतीस हजारात रबर असं गुळगुळीत व्हतंय व्हय?"

दुकानदार म्हणला, "पहिल्या मालकाचा पाय जड व्हता."

"पाय जड व्हता का मीटर हलकं केलं?" शेषेराव कंबर धरून उठला. "मालक, बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून, पिठाचं पाणी पाजून उभा करत्यात. पण खूर कुणी रंगवत न्हाई. मी आधी खूर बघत असतो."

बाहेर आल्यावर बजरंग चिडला. "भाऊ, एवढी देखणी गाडी पायडलावरून सोडली?"

"तुझी सोयरीक तिच्याशी लावून देतो. चल."

त्याच रात्री लातूरला दिलेल्या लेकीचा, ऋतुजाचा फोन. "पप्पा, आमच्या गल्लीत चंद्रप्पा काका ऱ्हातेत. बियाणाच्या कंपनीत फिरतीवर व्हते, आता रिटायर झाले. गाडी इकायचीय म्हणून राहिले. पण लई पळालेली हाय बगा."

"किती?"

तिनं आकडा सांगितला. बजरंगनं कपाळावर हात मारला.

चंद्रप्पानं दुपारी बारा वाजता बोलावलं व्हतं. शेषेराव पहाटच्या गाडीला बसला न् साडेआठला दारात हजर. बजरंग डोळे चोळत म्हणला, "एवढ्या लवकर कशाला मरायला?"

"बैल दाखवायच्या आधी चारा घालून, फिरवून मोकळा करत्यात. तसाच गोठ्यातून उठताना बघायचा."

चंद्रप्पा बनियनवर, तोंडात ब्रश. त्याची बायकू नागम्मा, उदगीरकडची, कानडी लहेजाची. झारीनं झाडांना पाणी घालून राहिली व्हती. "बर्री, बर्री, या," म्हणली, "तुम्ही तर बारा वाजता येणार व्हता की!"

शेषेराव सरळ गाडीकडं गेला. पांढरी, मागच्या दाराला वरखडा, सीटचं कापड इटलेलं. बॉनेटवर तळहात ठेवला. गार पडलेलं.

"आता चालू करा."

चंद्रप्पानं तसंच ब्रश तोंडात धरून चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू. धूर न्हाई, खोकला न्हाई. शेषेराव डोळे मिटून उभा ऱ्हायला, दावणीत बैल रवंथ करताना ऐकावं तसा. मग औशाच्या रोडला नेली, चढावर थांबवून परत उचलली, खड्ड्यात घातली. पायडलाचं रबर हितंबी झिजलेलं, पण मीटरबी तसंच बोलून राहिलं व्हतं.

"हे सगळं ठीक हाय," माघारी आल्यावर शेषेराव म्हणला. "पण पोटाला वेळेवर घातलं का न्हाई, ते कसं कळावं?"

चंद्रप्पानं भिंतीकडं बोट केलं. भिंतीला लागून प्लास्टिकचे डबे, वरून कापलेले. एकात तुळस, एकात कढीपत्ता, एकात मोगरा, बाकीच्यात मिरची, सदाफुली, काय न् काय.

"इंजिन ऑइलचे डबे हायत. दर दहा हजाराला ऑइल बदलायचं. ऑइल गाडीला, डबा हिला. बारा वरसं झाली."

शेषेराव हातातली काठी टेकवत टेकवत एकेक डबा मोजत गेला. जुन्या डब्यांचा रंग उन्हानं उडालेला, पुढचे पुढचे ताजे. शेवटाला पोचला, परत फिरून मोजले.

"चंद्रप्पा, सव्वीस भरले. सत्तावीस पायजेत."

चंद्रप्पानं ब्रश धुवायला घेतला. "फुटला असंल एखादा. माकडं येत्यात."

नागम्मानं झारी खाली ठेवली. "अय्यो! कोणतं माकड? ह्या गल्लीत माकड कवा बघितलं तुम्ही? फुटला न्हाई भाऊ, आणलाच न्हाई. थोरलीच्या लग्नाच्या वरसी ह्यांनी गाडी तशीच वीस हजार पळवली. मी रोज बोंबलायची, डबा कुठाय, डबा कुठाय."

"अगं, गिऱ्हाइकासमोर..."

"मग? ऋतुजा म्हणली, हे भाऊ बायकूला माहेराला नेणार हायत. मधीच बंद पडली तर ती बाई शाप कुणाला देईल? मलाच!"

बजरंगनं शेषेरावाची बाही ओढली. "झालं की! घरातल्यांनीच सांगितलं. चला भाऊ, एसटी हाय."

शेषेराव मात्र हसला. महिनाभरात पहिल्यांदा असा पोट धरून हसला. तिथंच ओट्यावर बसला न् म्हणला, "बजरंग, चाळीस वरसं बाजार केला. आपल्या बैलाची खोड सांगणारा मालक एकबी भेटला न्हाई. ज्या घरात हे झाकत न्हाईत, तिथले सव्वीसच्या सव्वीस डबे खरे."

मग त्यानं खांद्यावरचा टावेल काढला न् चंद्रप्पाच्या हातावर टाकला. चंद्रप्पाबी खेड्यातलाच, बापासंगं हाळीचा बैलबाजार बघितलेला. लगेच ओळखलं, हा बैलाचा सौदा. दोघांचे हात टावेलाखाली गेले. बोटं धरायची, दाबायची, सोडायची, भाव सगळा बोटांवर, तोंडानं बोलायचं न्हाई. बजरंगला नुसता टावेल हलताना दिसला. मधीच चंद्रप्पा म्हणला, "अंहं." मग शेषेराव म्हणला, "डबा कमी हाय." टावेल परत हलला, न् दोघं हसून राहिले.

"किती?" बजरंग म्हणला.

"जमलं," शेषेराव म्हणला. आजवर त्यानं दुसरं काही सांगितलं न्हाई.

कागदावर सह्या झाल्या. नागम्मानं गाडीवर नारळ वाढवला, सिंधूसाठी ओल्या फडक्यात मोगऱ्याची फांदी दिली.

पंचमीच्या आदल्या दिवशी सिंधू गाडीत बसली. पायरी न्हाई, ढकलाढकली न्हाई. नायगाव गेलं, देगलूर गेलं, गाडीनं कुठं हूं का चूं केलं न्हाई. सिंधू अख्ख्या वाटंत एकच वाक्य बोलली, "आवं, हळू हाका, मला बघू द्या."

म्हातारी आई दारात आली. आधी गाडीला हात लावला न् म्हणली, "लई तापलंय जनावर, पाणी दाखवा." मग लेकीच्या तोंडावरनं हात फिरवला, न् दोघी तिथंच उंबऱ्यावर कानाला तोंड लावून बसल्या. चार दिवस उठल्या न्हाईत म्हणा ना.

आता दोन वरसं झाली. मीटर तीन लाखाच्या पुढं गेलं न् शेषेरावाच्या भिंतीला तीन डबे हायत. पहिल्यात नागम्माचा मोगरा, दुसऱ्यात कोथमीर, तिसऱ्यात सिंधूनं काय लावलंय ते अजून उगवायचंय.

तर पाव्हणं, तुम्ही शेषेरावाच्या दारात गेलात की एक काम करा. गाडीचं मीटर बघा न् भिंतीचे डबे मोजा. एखादा कमी भरला तर शेषेरावाला इचारू नका, त्योबी माकडाचंच नाव सांगंल. तेवढं सिंधूला इचारा.