इथे काही नाही

सप्टेंबर संपत आला की हॉल्व्हर नीगार्डला सगळ्या गिऱ्हाइकांची तोंडं सारखीच दिसू लागत. मे महिन्यापासून तेच चाललेलं: पहाटे उठा, आमिष लावा, दुसऱ्याने ओढलेला मासा आपण बोटीत घ्या, त्याचा फोटो काढा, संध्याकाळी धक्क्यावर उभं राहून तो कापून द्या. आता सकाळी बोटं मिटायला तयार नसत. कॉफीचा कप तो दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा आणि थंडी वाजतेय असं सांगायचा.

आजचा फेरा शेवटचा होता. गिऱ्हाईक म्हणजे नेब्रास्काहून आलेले तीन साडू. त्यातल्या थोरल्याला, वेंडलला, समुद्रातलं सगळं कळत होतं. समुद्र तो दुसऱ्यांदाच पाहत होता, ही गोष्ट वेगळी.

"कॅप्टन, मागे आलो होतो तेव्हा त्या कॅप्टनने याहून खोल पाण्यात नेलं होतं," वेंडल म्हणाला.

"मग त्याच्याकडेच जायचं होतं की," मागून ऑगी पुटपुटला. ऑगी हॉल्व्हरच्या बोटीवरचा एकुलता एक खलाशी. पन्नाशीचा, गुडघ्यांनी कुरकुरणारा आणि जिभेने त्याहून जास्त.

बोट किटलीच्या बाहेर उभी होती. किटली म्हणजे दोन बेटांमधलं समुद्राचं तोंड. आतली सगळी खाडी ओहोटीला त्यातूनच बाहेर पडते, आणि बाहेरून मोठ्या लाटा येत असल्या की तिथलं पाणी अक्षरशः उकळतं. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं तेवढ्या वेळात बाहेरच्या उथळ्यावर नांगर टाकायचा, तळाला आमिष सोडायचं आणि हॅलिबट या चपट्या, अवजड माशाची वाट बघायची, अशी पद्धत. आज वाट बघावीच लागली नाही. गळ तळाला टेकायचा अवकाश, काठी वाकत होती.

रेडिओ खरखरला. "बाबा, कसं काय?"

ब्रिटाचा आवाज. हॉल्व्हरची मुलगी. बारा वर्षं बापाच्या हाताखाली काढून दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःची बोट घेतली. छोटी, एका इंजिनाची.

"इथे काही नाही," हॉल्व्हर म्हणाला. विचार न करता, सवयीने.

या किनाऱ्यावर रेडिओवर खरं बोलणारा तांडेल एक तर नवखा असतो, नाहीतर बुडत असतो. 'काही नाही' म्हणजे मासे तुटून पडताहेत. 'बरं चाललंय' म्हणजे सकाळपासून एक लागलेला नाही. 'लाटा फार आहेत, येऊ नका' म्हणजे पाणी ताटात वाढल्यासारखं सपाट आहे. याला कुणी खोटं म्हणत नाही, रीत म्हणतात. हॉल्व्हरच्या बापाने हॉल्व्हरला असंच बनवलं होतं. ब्रिटा पहिल्यांदा एकटी निघाली तेव्हा त्याने तिला बजावलं होतं, "धक्क्यावर मी तुझा बाप. रेडिओवर नाही." तेव्हा दोघंही हसले होते.

मंगळवारी मात्र ती हसली नव्हती. त्या दिवशी हॉल्व्हरने 'बाहेर लाटा आहेत' म्हणून ठोकून दिलं आणि ती आतच घुटमळली. संध्याकाळी तिची गिऱ्हाइकं सगळ्यांदेखत तिच्या अंगावर ओरडत होती, आणि शेजारच्याच आकड्यांवर हॉल्व्हर आपले हॅलिबट फोटोसाठी ओळीने टांगत होता. तिने एकदा माशांकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग खाली मान घालून सुरीला धार लावत बसली. हॉल्व्हरला वाईट वाटलं. पण तो इतका दमला होता, की वाईट वाटून घेणंही त्याने दुसऱ्या दिवसावर ढकललं. दुसऱ्या दिवशी नवी गिऱ्हाइकं होती.

"काही नाही का? अरेरे," रेडिओवरून ब्रिटा म्हणाली. "मग ते बघायलाच येते."

हॉल्व्हर हसणार होता, तेवढ्यात बोट उचलली गेली. उंच, सावकाश, आणि तितकीच सावकाश खाली आली. त्याने नैऋत्येकडे पाहिलं. वारा नव्हता, पण लांबवर पाण्याच्या घड्या दिसत होत्या, एकामागून एक. हवामानाच्या अंदाजात दुपारनंतर येणार म्हणून सांगितलेलं उधाण सकाळीच दारात आलं होतं. आणि नांगराचा दोर हळूहळू फिरत होता. ओहोटी लागली होती.

ब्रिटा आतून येणार, ओहोटीच्या पाण्याबरोबर. किटलीच्या तोंडाशी लाटा दिसतील तेव्हा फार उशीर झालेला असेल. पाणीच तिला त्या उकळत्या तोंडात ढकलेल. त्या छोट्या बोटीला तिथून मागे फिरता येत नाही.

"ब्रिट, ऐक. येऊ नकोस. मोठ्या लाटा आल्यात. किटली उकळणार आहे."

"हो का? मंगळवारसारखी?"

"अगं, खरंच सांगतोय!"

"मंगळवारीही खरंच होतं, बाबा."

दुसऱ्या कुणा तांडेलाचा आवाज मध्येच घुसला. "हॉल्व्हर, इतक्या जोरात ओरडतोयस म्हणजे तिथे सोनंच लागलं असणार तुला! दोन माझ्यासाठीही ठेव." आणखी कुणीतरी खो खो हसलं.

"देवाशपथ सांगतो," हॉल्व्हर म्हणाला.

"तेही मंगळवारी म्हणाला होतास," ब्रिटा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "माझी चार माणसं आहेत, बाबा. त्यांना शेवटच्या दिवशी मी खाडीतल्या खाडीत फिरवणार नाही. ठेवते."

हॉल्व्हरने माइक जागेवर अडकवला. बाहेर दुसरी एकही बोट नव्हती. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी तोही याच किनाऱ्यावरचा. आता तिचा फक्त डोळ्यांवर विश्वास बसणार होता.

"ऑगी! गळ वर. किटलीतून आत जायचंय."

"आत्ता?" ऑगीने वेंडलकडे बोट दाखवलं. वेंडलची काठी पाण्यापर्यंत वाकली होती. चेहरा लाल, पाय रोवलेले, दोन्ही साडू त्याला कमरेला धरून उभे. आणि पाण्याखाली, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, दरवाज्याएवढा हॅलिबट वर येत होता. हॉल्व्हरने या वर्षी असा मासा पाहिला नव्हता. गेल्या वर्षीही नाही.

त्याने कमरेची सुरी काढली आणि वेंडलची दोरी कापली.

काठी ताडकन सरळ झाली. तिघेही साडू एकमेकांवर पडले.

"वेडा झालास का तू?" वेंडल किंचाळला. "माझा मासा! तुझं लायसन घालवीन मी!"

"घालव," हॉल्व्हर म्हणाला, "पण आधी कशाला तरी धर."

नांगर ओढायला वेळ नव्हता. ऑगीने एकदा मालकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि नांगराचाही दोर तोडला. साठ वाव लांबीचा नवा कोरा दोर पाण्यात गेला.

किटलीत शिरताना पहिली लाट मागून आली आणि बोट आडवी व्हायला लागली. हॉल्व्हरने सुकाणूच्या चाकाला सगळं अंग टेकवलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून त्याने मनगटं आऱ्यांमध्ये अडकवली. पाणी छतावरून गेलं. खालून एक साडू देवाचं नाव घेत होता, दुसरा ओकत होता. वेंडलने टेबलाचा पाय घट्ट धरला होता. समोरून ओहोटी, मागून लाटा, आणि बोट जागच्या जागी रांगतेय असं वाटत होतं. हॉल्व्हरला स्वतःची भीती वाटली नाही. त्याला फक्त पुढे, पलीकडच्या संथ पाण्यात एक पांढरी छोटी बोट दिसू नये असं वाटत होतं, आणि तीच दिसली.

ती सरळ तोंडाकडे येत होती.

तो शेवटच्या लाटेवरून घसरत आत आला आणि त्याने आपली बोट तिच्या वाटेत आडवी घातली. काच फुटलेली, डेकवरून पाणी वाहतंय, ऑगीच्या कपाळातून रक्त. ब्रिटा खिडकीत उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे उसळणाऱ्या पाण्याकडे. तिची बोट वळली.

संध्याकाळी धक्क्यावर हॉल्व्हरकडे कापायला चारच मासे होते. वेंडलने आपला वाटा न घेताच पाठ फिरवली होती. ब्रिटा आली, त्याच्या हातातली सुरी तिने काढून घेतली आणि उरलेला मासा स्वतः कापायला लागली. त्याची बोटं तिने पाहिली होती. कितीतरी दिवसांपासून पाहत असावी.

"मी शिरले असते सरळ किटलीत," ती म्हणाली. "चार माणसं घेऊन."

"माहीत आहे."

तिने एक तुकडा कापून बाजूला ठेवला.

"लागत होते का रे? बाहेर?"

"लागत होते," हॉल्व्हर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे कुणाला सांगत होता. मग थांबवेना. "बेटावरचा उघडा कडा आणि मागचं जळकं शिखर एका रेषेत धरायचं. दीपगृह उजव्या खांद्यावर. पस्तीस वाव खोल. माझ्या बापाची जागा ती. कुणाला ठाऊक नाही. आता तुझी."

ब्रिटाने हात थांबवले. क्षणभर ती लहानपणी दिसायची तशी दिसली, आणि हॉल्व्हरला वाटलं, झालं, मिटलं एकदाचं.

"खरं?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"खरं," तो म्हणाला.

तिने मान हलवली, मासा बर्फात ठेवला आणि टेबलावर पाण्याची बादली ओतली.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी जाऊन बघीन."