डाव्या पायाचं काम, उजव्या जांघेतून

"आई, एक पाय केवढ्याला पडतो?"

हा प्रश्न माझा नाही, भिंगरी आणि उंटाचा आहे. भिंगरी आणि उंट या माझ्या मैत्रिणी. पहिली एका जागी बसत नाही आणि दुसरी वर्गात सगळ्यात उंच. मधल्या सुट्टीत कुणाचे आईबाबा काय करतात यावर गप्पा रंगल्या होत्या. मी सांगितलं, बाबा लिफ्ट दुरुस्त करतात आणि आई पायांच्या रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनची बिलं करते. उंट म्हणाली, "म्हणजे पाय विकते?" झालं, पैज लागली. घरी जायचं आणि तोंडावर विचारायचं. पूर्वीची मी असते तर शेपूट घातलं असतं. पण गेल्या महिन्यात मी अख्ख्या शाळेसमोर माईकवर बोलले आणि मेले नाही. तेव्हापासून माझी भीड चेपली आहे.

आईने लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "कुठला? डावा की उजवा?"

"फरक पडतो?"

"फरकच पडतो, बाई माझे. ह्या फरकाचाच मला पगार मिळतो."

ती बोलत नीट होती, पण कपाळावर आठ्या होत्या. समोर विमा कंपनीचं नकाराचं पत्र होतं. एक एकाहत्तर वर्षांचा माणूस, उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोचत नाही म्हणून अंगठा काळा पडत चाललेला. सोमवारी ऑपरेशन. आणि कंपनी म्हणत होती, तीन आठवड्यांपूर्वीच उजव्या पायाचं केलंत ना? मग लगेच पुन्हा त्याच पायाचं कशाला? मंजुरी नाही. मंजुरी नाही म्हणजे सोमवार पुढे ढकलणार.

"ढकलला तर काय होईल?"

"तारीख थांबेल. अंगठा थांबणार नाही."

आई रुग्णांची नावं कधीच सांगत नाही. जीव गेला तरी नाही. म्हणून मीच त्यांचं नाव ठेवलं, अंगठेवाले आजोबा. आज गुरुवार होता. कंपनीचे फोन सहाला बंद होतात, उद्यापासून तीन दिवस त्यांना सुट्टी होती, आणि घड्याळात पाचला दहा कमी होते. त्याच पायाचं काम पुन्हा का करावं लागतं, यावर आई दुपारपासून पानभर पत्र लिहीत होती आणि खोडत होती.

"शब्द सुचेनात बघ," ती म्हणाली. "चल, तुला पायच दाखवते. डोकं तरी मोकळं होईल. अहो, जरा पाय द्या इकडे!"

बाबा सोफ्यावर अर्ध्या चड्डीत संत्रं सोलत होते. "दोन्ही? मला उद्या कामावर जायचंय."

"परत देते. लोळा गुपचूप."

बाबा आडवे झाले. आईने फळ्यावर लिहायचा हिरवा पेन घेतला आणि त्यांचा शर्ट वर करून बेंबीशी एक टिंब काढलं. तिथे मोठी रक्तवाहिनी दुभंगते, चड्डीच्या नाड्यासारखी, एक फाटा या पायात, एक त्या पायात. मग तिने मांडीवरून गुडघ्याच्या मागपर्यंत रेघ ओढली.

"गुदगुल्या होतायत गं!"

"हलू नका, धमनी वाकडी होतेय. आता ऐक. तुंबलेली वाट मोकळी करायला इथून इथपर्यंत कितीही ठिकाणी फुगा फुगवला, तरी बिलाचा कोड एकच. जाळीची नळी बसवली तर नळीचा कोड लावायचा, फुग्याचा वेगळा नाही, तो तिच्यातच आला. गुडघ्याखाली मात्र तीन वाटा. तिथे प्रत्येक वाटेचा हिशोब वेगळा."

"म्हणजे बाबा गुडघ्याखाली महाग आहेत."

"तुझे बाबा मला सगळीकडूनच महाग पडलेत."

"ऐकतोय मी," बाबा म्हणाले आणि संत्र्याची फोड तिच्या तोंडाशी नेली. तिने खाल्लीही. हे दोघं असेच आहेत, मैत्रिणींसमोर मला फार लाज वाटते.

"पण आत शिरतात कुठून?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा समोरच्या पायातून. डावा पाय बंद असेल तर उजव्या जांघेत सुई टोचायची." तिने उजव्या जांघेशी फुली मारली. "मग तिच्यातून तार वर, बेंबीपर्यंत, दुभाजकावरून वळसा, आणि खाली डाव्या…"

पेन डाव्या मांडीवर थांबला. आई बाबांच्या पायांकडे असं बघत राहिली की बाबाच घाबरले. "काय झालं? मला काय झालंय?"

"तुम्हाला नाही. मला झालंय." ती उठून लॅपटॉपकडे धावली. तीन आठवड्यांपूर्वीचा डॉक्टरांचा रिपोर्ट तिने उघडला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. सुई उजव्या जांघेत टोचली होती. काम डाव्या पायाचं झालं होतं. आणि आईने सुई बघून क्लेममध्ये 'उजवा' टाकलं होतं. उजव्या पायाला आजवर कुणी हातसुद्धा लावला नव्हता!

"शिकाऊ पोरं करतात ही चूक," ती म्हणाली. "बारा वर्षं मी त्यांना ओरडतेय. आणि आज दुपारभर मूळ रिपोर्ट उघडला नाही, का तर क्लेम मीच भरला होता. माझंच होतं ना, बरोबरच असणार!"

आधी तिने तिच्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, रिपोर्टमध्ये घोळ होता असं लिहू या, तुमचं नाव कशाला.

"नाही साहेब. रिपोर्ट आरशासारखा स्वच्छ आहे. घोळ माझा आहे, तसंच लिहा. आणि माझे या महिन्याचे सगळे क्लेम दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. एकदा डुलकी लागली, म्हणजे आणखीही लागली असेल."

बाबा हिरव्या पायांनी हळूच जाऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. 

मग विमा कंपनी. वीस मिनिटं नुसतं संगीत वाजलं. शेवटी एका बाईंनी फोन उचलला. जबर सर्दी झालेली, सुरुवातच शिंकेने. दुरुस्त क्लेम पाठवा, तीस दिवसांत कळवू, त्या म्हणाल्या.

"बाई, सोमवारी ऑपरेशन आहे."

"नियम आहे हो, मी काय करणार?"

"मान्य. चूक माझी आहे, पेशंटची नाही. फक्त एक करा. रिपोर्ट तुमच्याकडे पहिल्यापासून आहे. आत्ता उघडा आणि माझ्याबरोबर वाचा."

पलीकडे एक शिंक. मग की-बोर्डची टकटक. त्या बाई हळूहळू वाचायला लागल्या, प्रत्येक शब्दावर बोट ठेवल्यासारख्या. 'डावी मांडी' आल्यावर थांबल्या. "अगं बाई! हा पाय तर नवाच आहे की. फोन ठेवू नका. मी स्वतः वर घेऊन जाते. साहेब निघायच्या बेतात असतील."

पुन्हा संगीत. पाच चाळीस. पाच पन्नास. आईने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बोटांपर्यंतही रक्त पोचेना. पाच सत्तावन्नला त्या बाई धापा टाकत परतल्या. "दिली मंजुरी. उजवा पाय, सोमवार. जिना चढून गेले हो, लिफ्ट बंद होती!"

बाबांनी एकदम मान खाली घातली, जणू ती लिफ्ट त्यांचीच.

"बाई, तुमचे पाय शंभर वर्षं टिकोत," आई म्हणाली. "आणि वाफ घ्या." फोन ठेवून ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

मी मात्र त्या बाईंचाच विचार करत होते. तीस दिवस म्हणून फोन ठेवला असता, तर कुणी त्यांना बोल लावला नसता. नियमच होता. पण त्यांनी फाईल उघडली. मला राहवेना. मी खुर्चीवरच चढले.

"आता काय?" बाबा म्हणाले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. शिक्षण झालं की मी विमा कंपनीत जाणार. आणि तेही नकाराची पत्रं जिथून निघतात ना, अगदी त्याच टेबलावर बसणार!"