पोरक्याची आई

"थांबा, थांबा. ही आई नाही बोलत, पोरगाच बोलतोय," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

काचेअलीकडे माईकसमोर उभ्या असलेल्या बाई पंचावन्नच्या. एका जपानी कार्टून मालिकेतल्या अनाथ पोराला त्या वीस वर्षे आवाज देत होत्या. पोर काही दहाच्या पुढे गेले नाही, बाई मात्र आजी व्हायला आल्या. स्टुडिओत दारावरच्या पहारेकऱ्यापासून सगळे त्यांना 'पोरगं'च म्हणत. आता त्या पोराच्या आईबापांची, मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणारा सिनेमा डबिंगला आला होता. आईचा आवाज आपल्याला मिळावा म्हणून बाईंनी कधी नव्हे ते तोंड उघडून काम मागितले होते. एकदा तरी बाईमाणसाच्या आवाजात बोलायचे होते, दुसरे काही नाही.

पण सवय जाता जात नाही. तिसऱ्यांदाही आईच्या वाक्यात पोर डोकावलेच.

"राग मानू नका, ताई. लोक थेटरात हसतील. आई त्या नव्या मुलीला देतो. तुम्ही बाळाचं रडणं करा."

"घ्या! बढती मागायला गेले आणि पाळण्यात पडले," बाई म्हणाल्या. सगळे हसले. त्यांना मात्र फार लागले.

प्रसंग शेवटचा होता. गावाला शत्रूचा वेढा. आई बाळाला धान्याच्या कोठीत लपवते आणि कायमची निघून जाते. ती बोलू लागली की बाळाने गप्प व्हायचे. नवी मुलगी शेजारच्या माईकशी आली. बघू काय दिवे लावते, असे मनात म्हणत बाईंनी हनुवटी गळ्याशी दाबली आणि टाहो फोडला.

"अरे, माझ्याकडे बघ ना," मुलगी आईचे वाक्य हळूच म्हणाली. "येते हं मी."

मालिकेत ते पोर भेटेल त्याला विचारत आले होते, माझी आई कशी बोलायची? विचारणारा आवाज बाईंचाच. उत्तर कुणी कधी लिहिलेच नव्हते. ते आता कानात आले आणि बाईंचे रडणे जागच्या जागी थांबले.

"वा! अगदी खुणेवर थांबलात," दिग्दर्शक म्हणाला. बाईंनी पडद्यावरच्या खुणेकडे पाहिलेच नव्हते. मुलीचा हेवाही कुठल्या कुठे गेला होता.

"काकू, माझं बरं झालं ना?" मुलीने घाबरत विचारले.

"झालं गं, छान झालं." मग त्या काचेकडे वळल्या. "हिचं वाक्य परत लावता का?"

"टेक ओके आहे, ताई."

"असू दे. लावा."

पडदा बंद झाला होता, नुसता आवाज आला. बाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांशी दाबून धरले आणि मान खाली घालून त्या ऐकत राहिल्या.