अंगठ्याचा फटका

मित्रांनो, कॅरमच्या पटावर ज्याला तुम्ही टिचकी मारता आणि सोंगटी चुकली की ज्याच्यावर खेकसता, तोच मी. मी एक जुना स्ट्रायकर आहे. माझा रंग आता लोण्यासारखा पिवळट झाला आहे आणि एका कडेला बारीक टवका उडाला आहे. पण माझी तक्रार काही नाही. उलट ज्यांचे उपकार माझ्यावर आहेत, त्यांची नावं घ्यावीत म्हणूनच आज बोलतो आहे.

मी हस्तिदंताचा आहे. भंडाऱ्याला साहेब लोकांच्या क्लबात बिलियर्डचं एक जुनं टेबल होतं. त्यावरचा एक चेंडू एके दिवशी तडकला आणि कचऱ्यात गेला. तिथे खेळाचे गुण मांडायला असलेल्या मधुकररावांनी तो उचलला आणि ओळखीच्या खरादीकडे, लाकूड कातणाऱ्या कारागिराकडे, नेला. खरादीने चेंडूचा तडकलेला भाग काढून टाकला आणि मधली एकच चकती सांभाळून कातली. तोच मी. ज्या हत्तीचा मी दात, त्याने आपणहून मला दिलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. आता हस्तिदंताच्या वस्तू करायला बंदी आहे, ते फार बरं झालं. पण त्या मुक्या जनावराला मी रोज मनातल्या मनात नमस्कार करतो.

मधुकररावांनी मला पवनीला, आपल्या भाच्याकडे पाठवलं. भाच्याचं नाव जागेश्वर. तो धानाच्या गिरणीत मशीनवर कामाला होता. एकाहत्तर सालची ही गोष्ट. दिवसभर कोंड्याने माखलेला हा उंच माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन वाचनालयात यायचा, पटावर पावडर पसरायचा आणि मला बोटांत धरायचा. काय बोटं होती ती! मला कधी ढकलल्यासारखं वाटलंच नाही. मी आपणच निघालो, आपणच पोचलो, असं वाटायचं. शारदोत्सवात वाचनालयाच्या स्पर्धा होत. त्यात जागेश्वरचं नाव ठरलेलं असे. लोक मला हातात घेऊन न्याहाळत आणि म्हणत, "जागेश्वरभाऊचा स्ट्रायकर होय हा!" माझी छाती फुगायची.

मग एकोणऐंशीचा हंगाम आला. गिरणीत धानाची गर्दी होती. चालू मशीनचा पट्टा निसटला, तो बसवायला जागेश्वरने हात घातला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. मला ज्यांनी इतकी वर्षं चालवलं, तीच दोन.

जखम भरली. गिरणीच्या मालकाने त्याला पोती मोजायच्या कामावर ठेवलं. पण जागेश्वरने खांद्यावर दुपट्टा घ्यायला सुरुवात केली. उन्हाळा असो, लग्नकार्य असो, उजवा हात दुपट्ट्याखाली. बाजारात भाजी घ्यायची तरी डाव्या हाताने. कुणी "रामराम" केला तर मान हलवायची, हात जोडायचे नाहीत. वाचनालयाचा रस्ता त्याने सोडलाच. घरचा पट भिंतीला टांगलेला, सोंगट्या पिशवीत आणि मी त्यांच्यात. पिशवीवर धूळ बसली.

त्याची बायको शकुंतलाबाई. तिला कॅरमचा क कळत नव्हता. एका दुपारी तिने पट खाली काढला, पदराने पुसला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"अजी, मले हा खेळ शिकवा."

"कायले?" जागेश्वर म्हणाला. "मले कोठं खेळता येते आता?"

"तुमाले खेळा म्हणून कोन म्हनते? मले शिकवा म्हनते मी. डाव्या हातानं दाखवलं तरी चालते मले."

तिला शिकवायचं म्हणून त्याने मला डाव्या हातात घेतलं. पहिल्याच टिचकीत मी पटावरून उडालो, भिंतीला आपटलो आणि धानाच्या कोठीमागे जाऊन पडलो. माझा टवका तेव्हाच उडाला. शकुंतलाबाई पोट धरून हसली. किती महिन्यांनी, पण जागेश्वरही हसला. मित्रांनो, त्या टवक्याबद्दल मी त्यांचा ऋणीच आहे.

रोज दुपारी जेवण झालं की पट मांडायचा, असं सुरू झालं. डाव्या हाताला वळण लागायला वर्ष गेलं. हळूहळू मी पुन्हा सरळ धावू लागलो. समोरच्या सोंगट्या जाऊ लागल्या. पण एक जागा मात्र अडायची. खेळणाऱ्याच्या रेषेच्या मागे, त्याच्या उजव्या कोपऱ्याजवळ सोंगटी अडकली की डावा हात तिथे वळतच नसे. ती काढायचे दोनच मार्ग होते. एक म्हणजे मला पुढे मारायचं, समोरच्या काठावर आपटून मी परत यायचं आणि येता येता सोंगटी ढकलायची. हा फटका डाव्या हाताने होई, पण कधी लागे, कधी हुके. दुसरा मार्ग सरळ होता. उजव्या अंगठ्याने मला मागे उडवायचं.

"अंगठा तर आहे न तुमचा?" शकुंतलाबाई म्हणाली.

"अंगठ्याले जोर द्यायले बोट पायजे व. तेच गेलं न."

"दोन बोटं आहेत अजून. त्याईले विचारा."

मग उजवा हात दुपट्ट्याखालून निघाला. करंगळीशेजारच्या बोटाला अंगठा टेकवून त्याने टिचकी मारली. मी जेमतेम सरकलो. पुन्हा मारली, मी तिरका गेलो. त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. शकुंतलाबाई सोंगटी उचलायची आणि त्याच जागी मांडायची. रोज जमू लागल्यावर जरा इकडे, जरा तिकडे मांडायची. आपला हात दुखला असं ती कधी म्हणाली नाही. पण सकाळभर धान पाखडून आलेल्या त्या बाईची बोटं कशी ठणकत, ते मला ठाऊक आहे, कारण मला उचलून परत देणारीही तीच होती.

अंगठ्याला वळण लागलं, तेव्हा तिने नवंच काढलं. तो नेम धरू लागला की ही बोलायला लागायची. "अजी, मीठ संपलं." "अजी, शेळी सुटली वाटते." एकदा तर ताटावर पळी वाजवली.

"काहून त्रास देऊन राहिली व?"

"तिथं लोक गप बसतीन काय? आताच सवय करा."

"तिथं म्हनजे कोठं?"

"वाचनालयात. दुसरं कोठं?"

यावर जागेश्वरने सोंगट्या गोळा करायला घेतल्या. एकदा शेजारची बाई दारात आली, तेव्हा त्याने झटकन हात आत घेतला आणि मी पटावर तसाच पडून राहिलो. फटका जमला होता. हात मात्र अजून बाहेर निघाला नव्हता.

तरी एक्याऐंशीच्या शारदोत्सवात त्याने नाव दिलं. "डाव्या हातानंच खेळीन," असं त्याने घरी बजावून सांगितलं. लोक चकित झाले. एकेक जण हरत गेला आणि अंतिम सामन्यात त्याच्यासमोर बसला बाबुलाल. हा भंडाऱ्याचा. खेळायला चपळ, बोलायला गोड. वाचनालयाची खोली खचाखच भरली. एका बाजूला बायका बसल्या होत्या, त्यांत शकुंतलाबाई.

सामना बरोबरीत शेवटच्या डावावर आला. राणी आधीच निघाली होती. बाबुलालची एक सोंगटी उरली होती, ती पॉकेटच्या अगदी तोंडाशी. कुणीही मारली असती. जागेश्वरचीही एकच उरली होती. ती होती रेषेच्या मागे, उजव्या कोपऱ्याजवळ. पाळी जागेश्वरची. हुकला की खेळ संपला.

त्याने मला डाव्या हाताने रेषेवर ठेवलं. समोरच्या काठाचा नेम धरला. तो थांबला. मला थोडं सरकवलं. पुन्हा थांबला. काठावरून परत यायचा फटका त्या दिवशी दोनदा हुकला होता, हे त्यालाही आठवत होतं. अंगठ्याचा फटका त्याला येत होता. पण त्यासाठी साऱ्या गावासमोर हात काढावा लागणार होता.

"जागेश्वरभाऊ, वेळ होऊन रायला," पंच म्हणाले.

त्याने डावा हात उचलला. खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि उजवा हात दिव्याच्या उजेडात, पटावर आणला.

खोलीत एकदम शांतता पसरली. मागे कुणीतरी "अरे बापा" म्हणून श्वास ओढला, तेवढंच. जागेश्वरने करंगळीशेजारच्या बोटाला अंगठा टेकवला आणि तो अंगठा थरथरू लागला. बडबडीची त्याला सवय झाली होती, पण इतक्या शांततेची नव्हती. सगळ्यांचे डोळे त्या हातावर होते.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. "अजी, घरी येतानी वांगे घेऊन याल. इसरू नोका."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी खोली हसली. पंचांनी डोळे वटारले, बाबुलालने तोंडावर हात धरला. आणि माझ्याजवळ आलेला तो अंगठा थरथरायचा थांबला. जागेश्वर मान न वळवता म्हणाला, "आनतो." आणि त्याने टिचकी मारली.

मी मागे निघालो. सोंगटीला बरोबर बाजूने लागलो. ती काठाला घासली, पॉकेटच्या तोंडाशी क्षणभर रेंगाळली आणि आत पडली. पण मीही तिच्यामागे घरंगळत होतो. मी आत पडलो असतो तर फाऊल झाला असता, मेहनत वाया गेली असती. मित्रांनो, थांबणं माझ्या हातात नसतं. किती जोर द्यायचा ते त्या अंगठ्याला कळत होतं. मी पॉकेटच्या कडेवर येऊन थांबलो.

बाबुलाल उठला. टाळ्या वाजत होत्या, तरी त्याचा आवाज ऐकू आला. "दादा, हा फटका मले शिकवा." त्याने उजवा हात पुढे केला. जागेश्वरने आपला उजवा हात त्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो दुपट्टा न घेता बाजारात गेला आणि वांगी घेऊन आला. पुढे सणावाराला तो सगळ्यांसमोर हात जोडू लागला. बाबुलाल खरंच भंडाऱ्याहून शिकायला येत राहिला. शकुंतलाबाईनेही मग वाचनालयात बायकांसाठी दुपारचा पट मांडला. तिचा हात इतका तयार झाला की जागेश्वर तिच्याशी खेळताना घाम पुसायचा.

मग रंगीत, चकचकीत प्लॅस्टिकचे स्ट्रायकर आले. कडेचा टवका मला जड जाऊ लागला, मी वळणावर डगमगू लागलो. आता मी शकुंतलाबाईच्या बटणांच्या डब्यात असतो. कधी वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण शिवण काढताना ती डबा उघडते, मला पदराने पुसते आणि परत ठेवते. एवढं प्रेम किती वस्तूंना मिळतं?

मित्रांनो, खेळून झालं की स्ट्रायकर पुसून ठेवा, सोंगट्या मोजून ठेवा, पट उन्हात टाकू नका. आणि घरी जमणारा फटका चारचौघांत मारायला तुमचा हात निघत नसेल, तर समोर बसून पुन्हा पुन्हा सोंगटी मांडून देणारं कुणीतरी असू द्या. असं कुणी तुमच्याकडे आलं, तर कंटाळू नका. मांडून द्या.