बसायची सावड

खेड्यात माणूस कधी एकटा नसतो. हे सत्य शहरातले लोक भाषणात सांगतात आणि खेड्यातले लोक सतरंजीवर बसून ऐकतात. प्रमिलानेही ते एकदा ऐकलं होतं, साजेखोऱ्याच्या समाजमंदिरात. विषय होता मनाचं आरोग्य. एकमेकांशी बोला, असं पाहुण्यांनी तीनदा सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर लोक खरोखरच एकमेकांशी बोलले: वडे गेल्या वर्षीपेक्षा लहान होते.

आता तिला गावात एक माणूस हवा होता. सकाळी सात ते संध्याकाळी सात तिच्या घरात नुसता बसेल असा. साजेखोरं टोकावड्यापासून आत चार किलोमीटर, घरं बासष्ट, आणि असा माणूस त्यात एकही नव्हता.

बसायचं होतं तिच्या नवऱ्याजवळ. संजू चौतीस वर्षांचा. मुरबाडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं मशीनवर होता. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांना एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पहिला महिना त्याने काम शोधलं, दुसरा महिना ओट्यावर काढला, तिसऱ्या महिन्यात तो आतल्या खोलीत आडवा झाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. घड्याळ दुसऱ्या भिंतीवर होतं.

भादव्यात तो शेतातल्या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेला सापडला. विचारलं, तर म्हणाला, "पानी बघतोय." पाणी तो लहानपणापासून बघत आला होता; पाय कधी आत सोडले नव्हते. प्रमिलाने त्याला काखेत हात घालून मागे ओढलं, तेव्हा तो अंग न धरता, हलकाच मागे आला. त्याच्या त्या हलकेपणाचीच तिला जास्त भीती वाटली.

शहापूरला मनाचा डॉक्टर महिन्यातून एका शुक्रवारी येतो. शुक्रवारी तिच्या कंपनीला सुट्टी असते, म्हणून ती त्याला घेऊन गेली. डॉक्टर चांगला होता. गोळ्या दिल्या, गुण यायला वेळ लागेल म्हणाला, आणि कागदावर लिहून दिलं: रुग्णाला एकटं सोडू नये. खाली दोन रेघा मारल्या. कुणी बसायचं, ते लिहायला कागदावर जागा होती, पण ते काही त्याच्या हातात नव्हतं.

घरात तिघं. संजू; त्याची आई सरू, जिला चार वर्षांपासून ऐकू येत नाही; आणि प्रमिला, जी मुरबाडला पॅकिंगमध्ये उभी राहते, तेव्हा घरात चूल पेटते. देवळामागच्या टेकाडावर मोबाईलला रेंज येते. तिथे जाऊन तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला. बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, "त्यांना लोकांमध्ये मिसळू द्या."

"कुठल्या?" प्रमिलाने विचारलं. तेवढ्यात रेंज गेली.

मग ती घरोघर फिरली. शेजारचा नथू म्हणाला, "बसून करायचं काय वयनी? तो बोलत नाय, टीव्ही लावत नाय." पलीकडच्या घरातल्या योगिनीच्या सासूने दारातूनच विचारलं, "आमाला लागलं तर?"

"काय लागलं तर?"

"जे काय हाय त्याला, ते."

धोंडी भगताने कोंबडा घेतला, संजूच्या उशाशी तांदूळ टाकले, बराच वेळ डोळे मिटले आणि सांगितलं, की हे कारखान्याच्या आवारातलं आहे. आपल्या शिवेबाहेरचं आपल्याकडून हलत नाही. कोंबडा मात्र शिवेतला होता, तो त्याने नेला.

शेवटी तिला सावडीचं सुचलं.

सावड म्हणजे आज तुझ्या शेतात माझा माणूस, उद्या माझ्या शेतात तुझा. लावणीला, कापणीला सगळं गाव यावर चालतं. कुणी लिहून ठेवत नाही, कुणी विसरत नाही. सावड बुडवणाऱ्या घराला पुढच्या पावसात कुणी हाक मारत नाही, आणि त्या घरातली पोरं आपापसात लावणी करताना रस्त्यावरून दिसतात. साजेखोऱ्यात माणूस एक वेळ बायकोला विसरेल, सावडीला विसरणार नाही.

"बसायची सावड करते," ती दारोदार सांगत गेली. "एक दिस तुमी आमच्याकडं बसा, एक दिस मी तुमच्याकडं कामाला येते."

समोरच्या आळीतल्या बारकूबाबांनी पान थुंकलं. वय सत्तर, बायको वारलेली, मुलगा भातसानगरला नोकरीला. "सावड हाय तर येतो," ते म्हणाले. "उपकार असता तर नसतो आलो."

आणि लोक आले. बारकूबाबा आले, त्यांनी संजूच्या पाठीला त्यांच्या मेलेल्या बैलाची गोष्ट सांगितली, दोन वेळा. नथू आला आणि जेवून झोपला. योगिनी आली आणि दारात बसून मोबाईल बघत राहिली. संजूने कुणाकडे वळून पाहिलं नाही. पण संध्याकाळी प्रमिला फाट्यावर उतरायची, धावत घर गाठायची, आणि तो असायचा. दिवसाकाठी तिला तेवढंच हवं होतं, की तो असावा.

पहिल्या शुक्रवारी ती विळा घेऊन बारकूबाबांकडे गेली.

"गवत कुठलं कापायचं, बाबा?"

"गवत नाय. बस."

"मग लाकडं?"

"बस गो म्हनतोय ना. तुजा नवरा बी नुसता पडून असतो, मी बसतो का नाय?"

ती बसली; मधूनमधून उठून संजूला बघून यायची आणि पुन्हा बसायची. त्यांनी बायकोच्या आजारपणाचं पहिल्या तापापासून सांगायला घेतलं. दुपारी बाई जिवंत होती, संध्याकाळपर्यंतही तिला मरण आलं नाही. बारकूबाबा म्हणाले, उरलेलं पुढच्या खेपेला. पुढच्या शुक्रवारी नथूने टोपलीभर वालाच्या शेंगा सोलायला दिल्या. तासाभरात संपल्या, तर दाणे पुन्हा निवडायला सांगितले, आणि ती निवडत असताना म्हणाला, बायको दोन वर्षं माहेराहून आलेली नाही. हे साऱ्या गावाला माहीत होतं. नथूच्या तोंडून मात्र पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, आणि त्याला वाटत होतं तो बातमी सांगतोय. त्याच संध्याकाळी योगिनीने तेलाची वाटी पुढे केली. "वयनी, डोक्याला लावून द्या." नवरा कसाऱ्याला ठेकेदाराकडे, शनिवारी येतो आणि आला की झोपतो. प्रमिला तेल लावत राहिली आणि योगिनी खाली मान घालून रडत राहिली.

एरवी प्रमिलाला वाईट वाटलं असतं. आता तिला राग येत होता. शेताला बांध असतो. कापणी बांधापाशी संपते. ह्यांना बांधच नव्हता. आठवड्याला सहा दिवस तिच्यावर चढत होते आणि फेडायला एकच होता. संजूजवळ बसायला एक माणूस शोधायला ती निघाली होती, आणि गाव तिच्याकडेच तसा माणूस म्हणून बघू लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात सावड आटली. भांडण झालं नाही. नथूला ताप आला, योगिनीकडे पाहुणे आले, बारकूबाबा नुसतेच म्हणाले, "माजे तीन दिस हायत तुज्याकडं," आणि आत गेले. मंगळवारी तिने खाडा केला. सुपरवायझर म्हणाला, आणखी एक झाला तर येऊच नको.

बुधवारी कुणी आलं नाही.

तिने कुलूप हातात घेतलं. दाराला लावून पाहिलं, काढलं. मग सरूला उंबऱ्यात बसवलं, खुणेने सांगितलं: इथून हलायचं नाही, त्याला सोडायचं नाही. सरूने मान हलवली. सरू सगळ्यालाच मान हलवते. आत जाऊन प्रमिला संजूच्या पाठीला म्हणाली, "मी येईपर्यंत रहा. एवढंच करा. दुसरं काय मागत नाय."

कंपनीत मोबाईल बाहेर जमा करतात. दिवसभर ती खोकी चिकटवत होती आणि प्रत्येक खोक्याला मनात म्हणत होती, आहे; आहे; आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि बंद केला.

संध्याकाळी ती आली तेव्हा सरू उंबऱ्यातच होती. आतलं अंथरूण रिकामं होतं.

"आई, हे कुठं?" ती ओरडली. सरूने ओठ वाचले आणि हात लांब केला. त्या दिशेला रस्ता होता, बारकूबाबांची आळी होती, शेत होतं, विहीर होती.

ती परसातून जवळच्या वाटेने, बांधाबांधाने विहिरीकडे पळाली. चप्पल बांधावरच राहिली. काठावर पालथी पडून तिने आत डोकं घातलं आणि हाक मारली. विहिरीने हाक परत दिली. पाणी काळं, वर पिवळा पाला, मध्ये एका जागी तो बाजूला झालेला. बेडकानेही होतो. तिने तिथे बघत राहून दहापर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं, मग उठून त्याच बांधांवरून गावाकडे पळाली आणि नथूचं दार दोन्ही हातांनी बडवलं. "गळ आना! विहिरीत गळ टाका!"

नथूचा ताप उतरला होता. तो गळ घेऊन निघाला, कुणी दोर आणले, कुणी बॅटऱ्या. योगिनीकडचे पाहुणेही आले. म्हणजे खरंच आलेले होते. पाच मिनिटांत चाळीस माणसं जमली. बसायला एक मिळत नव्हता, काढायला चाळीस होते. बायका प्रमिलाला दोन्हीकडून धरून चालल्या होत्या आणि म्हणत होत्या, "आमी हाव ना गो, आमी हाव."

शेताची गाडीवाट बारकूबाबांच्या अंगणावरून जाते. अंगणात बल्ब होता. खाली बारकूबाबा बोलत होते, "...मग मी डाक्टरला म्हटलं, तिला घरी नेतो." समोर संजू बसला होता. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, डोळे जमिनीवर.

मिरवणूक थांबली. बारकूबाबांनी गळाकडे पाहिलं. "कोन पडलं रे?"

प्रमिला खाली बसली. "सांगून न्यायचं ना, बाबा," ती म्हणाली. "सांगून न्यायचं."

"सांगितलं की सरूला. मान हलवली तिनं."

"पर हे उठले कसे?"

"उठंल नायतर काय? म्हटलं, संज्या, तुज्या घराकडं माजे तीन दिस हायत, बायकोला टाइम नाय, तर तू चल. सावडीला घरातलं कुनीबी चालतं. बसला जरा वेळ अंथरुनात, मग चप्पल शोधली."

शहापूरहून आल्यापासून बायकोसाठी, आईसाठी, गोळ्यांसाठी आणि कोंबड्यासाठी न उठलेला माणूस. प्रमिलाने त्याच्या पायांकडे पाहिलं. चपला दोन जोडांमधल्या होत्या, एक त्याची, एक सरूची. तिने त्याच्या घोट्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. घोटा कोमट होता. संजूने पाय ओढून घेतला नाही. वरही पाहिलं नाही.

नथूने गळ खाली ठेवला, घसा साफ केला. "मग बाबा, उद्या माज्याकडं द्या त्याला. माजा बी एक दिस र्‍हायलाय."

"आमचे दोन," योगिनीची सासू मागून म्हणाली.

"थांबा रे," बारकूबाबा म्हणाले. "माजाच आजचा फिटला नाय."

"सकाळधरनं बसलाय ना तो?"

संजू सकाळी नऊपासून बसला होता, पण दिवसभरात एक शब्दही बोलला नव्हता. बारकूबाबांनी तो अर्धाच दिवस धरला.