तीन बोटे कोणाची?

वितीने आणि बोटाने माप घेणाऱ्या मनुष्यजातीविषयी शिंपीणबाईंच्या अंतःकरणात तिरस्कार ठासून भरलेला होता. चौदा वर्षे कातरी चालविलेल्या त्या स्त्रीचा नियम एकच: ज्याचे कापड बेतायचे, त्याच्याच अंगाला टेप लावावी. म्हणून सिझेरियनच्या दिवशी सकाळी, शस्त्रक्रियागृहाशेजारच्या खोलीत, नणंदेने पर्समधून आतल्या बाजूस टणक बटण बसविलेले दोन लवचीक पट्टे काढून स्वतःच्या जाडजूड बोटांनी तिचे मनगट मोजावयास आरंभ केला, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, हात सैल सोड. हे बटण बिंदूवर बसलं की मळमळ पळालीच म्हणून समज."

नणंदेने बिंदुदाबाचे, म्हणजे अॅक्युप्रेशरचे, दोन दिवसांचे शिबिर केले होते. त्याचे प्रमाणपत्र तिने बाहेरच्या खोलीत अशा ठिकाणी टांगले होते की, चपला काढणाऱ्या पाहुण्याची मान आपोआप तिकडेच वळावी.

"ताई, त्या दोन दिवसांतला एक तर जेवणातच गेला ना?"

"कर टिंगल. मागच्या वेळचं विसरलीस वाटतं!"

ती विसरली नव्हती. तेच तर शल्य होते. मागल्या खेपेस कमरेत सुई टोचून खालचे अंग बधिर केल्यावर तिला अशा काही उलट्या सुरू झाल्या की, मुलाला उचलून दाखविले त्या क्षणी तिचे तोंड ट्रेमध्ये होते. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला तिने नंतर विचारले, "कसा दिसत होता रे, अगदी पहिल्यांदा?" तो बराच विचार करून म्हणाला, "लाल होता." त्या दोन शब्दांवर तिने पाच वर्षे काढली. या खेपेस बाळाचे पहिले दर्शन स्वतःच्या डोळ्यांनी घ्यायचे, एवढीच तिची मनीषा होती. आणि त्यापायी नणंदेचा पट्टाच काय, नणंदेचा उपदेशही सोसावयास ती सिद्ध होती.

इतक्यात भूलतज्ज्ञ आत आले. आपण आलो म्हणजे खोलीत प्रकाश पडला, अशा थाटात ते सर्वत्र वावरत असत.

"हे काय? घड्याळाचे काटे गळून पडले वाटतं?"

"मळमळीसाठी आहे, डॉक्टर," नणंद म्हणाली.

"मळमळीला माझ्याकडे औषध आहे. बटणं कपड्याला लावतात, बाई."

"ते मला नका शिकवू," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुमच्या अॅप्रनचं दुसरं बटण लोंबतंय, ते आधी बघा."

भूलतज्ज्ञांचा हात नकळत छातीकडे गेला. कोपऱ्यातील वयस्कर सिस्टरने खोकल्याचे निमित्त करून हसू गिळले आणि पट्ट्याकडे निरखून पाहिले.

"माप कुणी घेतलं?"

"मी. मनगटाच्या वळीपासून तीन बोटं."

"कुणाची तीन बोटं?"

"माझी! आणखी कुणाची?"

"ज्याचा हात, त्याचीच बोटं धरायची असतात, ताई."

नणंदेचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गेले तीन महिने तिने निम्म्या आळीची मनगटे आपल्याच बोटांनी मोजली होती.

"शिबिरात सांगितलं नव्हतं का हो?" शिंपीणबाईंनी गोड आवाजात विचारले.

"सांगितलं असेल," नणंद पुटपुटली. "जेवणानंतर."

शिंपीणबाईंनी उजव्या हाताची बारीक तीन बोटे डाव्या मनगटावर आडवी ठेवली, दोन ताठ शिरांमधली खाच चाचपली आणि बटण अर्धे बोट वळीकडे सरकविले. मग दुसऱ्या हाताचेही तसेच केले.

"मग माझं औषध नको म्हणता?" भूलतज्ज्ञ म्हणाले.

"का नको? जिथं ताण येतो, तिथं मी दुहेरी शिलाई घालते."

टेबलावर कंबरेखालचे शरीर परक्याचे झाले. पडद्यापलीकडे हत्यारांची किणकिण चालली होती. अकस्मात कानांत गुंजारव उठला, तोंडाला पाणी सुटले आणि तीच जुनी वैरीण पोटातून वर चढू लागली.

"काय बटणाबाई, ट्रे देऊ?" भूलतज्ज्ञांनी विचारले, परंतु रक्तदाब खाली गेल्याचे पाहून त्यांचे हात त्यांच्या जिभेहून अधिक शहाण्यासारखे नळीत औषध सोडीत होते. त्याच वेळी सिस्टरने तिच्या मनगटावरील बटण अंगठ्याने दाबून धरले. दोघांनी एकमेकांना विचारले नाही.

मळमळ गळ्यापर्यंत आली, तेथे घुटमळली आणि दार न उघडल्यामुळे खट्टू झालेल्या पाहुणीसारखी परत फिरली.

मग रडणे ऐकू आले. पडद्याच्या वर एक मुलगी उचलली गेली, आणि शिंपीणबाईंनी डोळ्यांची पापणीही न लवविता तिला पाहून घेतले.

"औषध वेळेवर पडलं," भूलतज्ज्ञ म्हणाले. सिस्टर आपला पांढराफटक पडलेला अंगठा चोळीत राहिली. तिला बाहेर आणल्यावर नणंद पुढे सरसावली, "बघितलंस? माझा पट्टा!" स्वतःच लावलेले बटण सरकविले गेले होते, हे ती केव्हाच विसरली होती. शिंपीणबाईंना भूलतज्ज्ञ आणि नणंद या दोघांचीही सारखीच कीव आली. परंतु आज त्यांना सुनावण्याइतकी सवड तिच्यापाशी नव्हती.

नवरा या खेपेस दाराबाहेर थांबला होता. तो बिचकत जवळ आला. "कशी दिसत होती गं, अगदी पहिल्यांदा?"

"डावा कान दुमडलेला. घाईत इस्त्री केलेल्या कॉलरसारखा. उजवी मूठ उघडी, डावी घट्ट. हनुवटी तुझी, तिला इलाज नाही." तिने नवऱ्याकडे बोट रोखले. "आणि नीट ऐकून ठेव. लाल नव्हती. जांभळट होती."